कोल्हापूर ते शिखरजी : एका मुहूर्ताचे अंतर

कोल्हापूर शहरापासून सुमारे नऊ किलोमीटरवर, उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराज विमानतळ आहे. १९३९ साली, संस्थानी काळात, राजाराम महाराजांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. त्या काळी करवीरकरांनी आकाशातून येणारे वाहन पाहिले. पुढे या विमानतळाने चढउतार अनुभवले. मधली काही वर्षे तर येथून प्रवासी सेवाच बंद होती. २०१८च्या अखेरीस उडान योजनेतून हैदराबाद व बंगळूरू ही शहरे कोल्हापूरला जोडली गेली, नंतर तिरुपती, अहमदाबाद, मुंबई असे मार्ग सुरू झाले आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. याच जिल्ह्यातील घोडावत समूहाने २०१९ मध्ये ‘स्टार एअर’ ही स्वतःची विमानसेवा सुरू केली, हेही येथील व्यापारी समाजाला अभिमानाने सांगावेसे वाटते.

विमानतळ घराजवळ आला की मनातील नकाशा बदलतो. पूर्वी ज्या गावाचे नाव काढताच ‘पंधरा दिवस तरी मोडतील’ असे म्हटले जाई, तेथे ‘शनिवार-रविवार जोडून’ जाण्याचे बेत होऊ लागतात. जैन कुटुंबांत असा बेत सर्वांत आधी होतो तो श्री सम्मेद शिखरजीचा. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर जेथून मोक्षास गेले, ते हे क्षेत्र झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. उरलेल्या चौघांपैकी आदिनाथांचे निर्वाण अष्टापदावर, वासुपूज्यांचे चंपापुरीस, नेमिनाथांचे गिरनारवर आणि महावीरस्वामींचे पावापुरीस झाले. साहजिकच, आयुष्यात एकदा तरी शिखरजीची वंदना घडावी ही इच्छा घरोघरी असते.

समजा, शाहूपुरीतील एका गूळ-व्यापाऱ्याच्या घरी असा बेत ठरला. वडील बाहत्तर वर्षांचे, आई अडुसष्ट. महिना डिसेंबर, कारण शिखरजीच्या चढणीला थंडीचे दिवसच बरे. परंतु दिवाळीपासून गुळाचा हंगामही चालू असतो, सौद्यांना हजर राहावे लागते, उधारी-वसुली पाहावी लागते. म्हणून मुलाने तीन दिवसांचा हिशेब मांडला : शुक्रवारी निघावे, शनिवारी वंदना करावी, रविवारी परतावे, सोमवारी दुकान उघडावे. कागदावर हिशेब जुळतो. तो प्रत्यक्षात कितपत जुळतो, हे पाहण्यासाठी अंतर आणि वेळ या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या पाहिजेत.

अंतर कसे मोजतात

दोन विमानतळांमधील हवाई अंतर रस्त्याने मोजत नाहीत. पृथ्वी गोल असल्याने ते गोलाच्या पृष्ठभागावरून मोजतात. शाळेतील पृथ्वीगोलावर दोन गावांच्या खुणांवर दोरा ताणून धरला, तर दोरा ज्या वाटेने बसतो ती सर्वांत जवळची वाट. ज्यांची मुले न्यू जर्सीत आहेत, त्यांनी मुंबईहून निघालेले विमान समोरच्या पडद्यावर थेट पश्चिमेकडे न जाता उत्तरेला वळताना पाहिले असेल. तो वळसा वाटतो, पण सुमारे साडेबारा हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात तीच जवळची वाट असते.

कोल्हापूरचा विमानतळ सुमारे १६.७ उत्तर अक्षांश व ७४.३ पूर्व रेखांशावर आहे, तर रांचीचा बिरसा मुंडा विमानतळ २३.३ अक्षांश व ८५.३ रेखांशावर. या दोहोंमधील गोलावरचा कोन सुमारे १२.३ अंश भरतो. एका अंशाचे साठ नॉटिकल मैल, म्हणजे अंतर सुमारे ७३९ नॉटिकल मैल झाले. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा हे अंतर सुमारे १,३७० किलोमीटर येते. गंमत अशी की कोल्हापूरची जुनी धावपट्टीही १,३७० मीटरच होती. तिच्या आखूडपणामुळे मोठी जेट विमाने येथे उतरू शकत नसत. पंख्यांची लहान एटीआर विमाने येत, आणि धावपट्टी वाढवण्याचे काम त्यासाठीच हाती घ्यावे लागले.

जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर १,३७० किलोमीटरला पावणेदोन तास लागतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांचा अर्धा तास मिळवला, की सव्वादोन तास होतात. शाहूपुरीतील मुलाने बहुधा हाच आकडा वडिलांना सांगितलेला असतो.

वेळ कोठे जातो

परंतु कोल्हापूरहून रांचीला थेट विमान नाही. वाटेत एखाद्या मोठ्या शहरात विमान बदलावे लागते. मुंबईमार्गे हवाई अंतर सुमारे १,६८० किलोमीटर, बंगळूरूमार्गे सुमारे १,९१५ आणि हैदराबादमार्गे सुमारे १,४३० किलोमीटर होते. हैदराबाद जवळपास सरळ रेषेतच येते, म्हणून अंतराच्या दृष्टीने ती वाट सर्वांत सोयीची. बंगळूरूची वाट आधी दक्षिणेला नेऊन मग उत्तरेला आणते. वेळापत्रके मात्र ऋतूनुसार बदलतात, त्यामुळे जवळची वाट नेहमीच कमी वेळाची असते असे नाही.

हैदराबादमार्गे प्रवासाची खतावणी अशी मांडता येईल. घरापासून विमानतळापर्यंत अर्धा तास. सामान, तपासणी यांसाठी दीड तास आधी पोहोचणे. हैदराबादपर्यंत लहान विमानाने एक तास दहा मिनिटे. पुढच्या विमानाची प्रतीक्षा साडेतीन तास. रांचीपर्यंत दोन तास. सामान घेऊन बाहेर पडण्यास चाळीस मिनिटे. रांचीहून हजारीबाग, बगोदर, डुमरी या वाटेने पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मधुबनपर्यंत मोटारीने किमान साडेचार तास. एकूण बेरीज सुमारे चौदा तास. त्यांपैकी प्रत्यक्ष आकाशात गेलेला वेळ तीन तास दहा मिनिटे, म्हणजे एकूण वेळेच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

कोल्हापूरपासून शिखरजीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे १,४७५ किलोमीटर आहे. त्याला चौदा तासांनी भागले तर ताशी १०५ किलोमीटर वेग येतो. चांगल्या महामार्गावर मोटार जेवढी धावते, तेवढाच. विमानाचा वेग खोटा नसतो, परंतु त्याच्या आगेमागे जोडलेली प्रतीक्षा आणि सडक तो वाटून घेतात. जुलै २०२२ मध्ये देवघरचा विमानतळ सुरू झाल्यापासून आणखी एक पर्याय आहे. तेथून गिरिडीहमार्गे मधुबन सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, त्यामुळे सडकेचा प्रवास बराच कमी होतो. मात्र तेथे येणारी विमाने थोडी आहेत आणि कोल्हापूरकराला वाटेत एकाहून अधिक वेळा विमान बदलावे लागण्याचा संभव असतो.

आगगाडी आणि पायवाट

विमानाच्या आधी आगगाडी होती आणि आजही आहे. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि कोल्हापूर देशाच्या रेल्वेजाळ्याशी जोडले गेले. सध्या कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा सुटणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस नागपूर, गया या मार्गाने धनबादला जाते. ती पारसनाथ स्थानकावरूनच पुढे जाते. तेथून मधुबन वीस-पंचवीस किलोमीटर. प्रवासाला सुमारे दोन दिवस व दोन रात्री लागतात. घरचे डबे, शेजारच्या बाकावरील साधर्मिकांशी होणारी ओळख, गाडीतच केलेले सामायिक आणि पाठ, यांची सर असलेल्या आठवणी अनेक घरांतील वडीलधारी मंडळी आजही सांगतात.

त्याहूनही जुनी वाट पायांची. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे चैतन्य देणारे आचार्य श्री शांतिसागर महाराज मूळचे याच भागातील, भोज गावचे. १९२७ साली कुंभोज-बाहुबली येथील चातुर्मास आटोपून ते संघासह शिखरजीकडे निघाले आणि १९२८ मध्ये तेथे पोहोचले. संघाच्या व्यवस्थेचा भार मुंबईच्या पूनमचंद घासीलाल जव्हेरी कुटुंबाने उचलला होता. कुंभोजचे बाहुबली क्षेत्र उजळाईवाडीपासून फार दूर नाही, तेव्हा हे अंतर म्हणजे जवळजवळ आपल्या दोन विमानतळांमधीलच अंतर होय. सडकेने ते १,८००-१,९०० किलोमीटर भरते. दिवसाला अठरा किलोमीटरचा विहार धरला, तर शंभराहून अधिक दिवस चालावे लागते. चातुर्मास सोडून उरलेल्या आठ महिन्यांच्या विहारकाळात ते बसते. दिगंबर असोत वा श्वेतांबर, आपले साधु-साध्वी पायीच विहार करतात. जे अंतर श्रावक चौदा तासांत ओलांडतो, तेच ते आजही महिनोन् महिने पावलांनी मोजतात, हे विमानात बसताना आठवले तरी पुरे.

सूर्याचे घड्याळ

शाहूपुरीच्या हिशेबात आणखी एक नोंद राहून गेलेली असते. साऱ्या देशाचे घड्याळ एक आहे, पण सूर्य प्रत्येक गावी आपल्या वेळेने उगवतो व मावळतो. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. कोल्हापूर आणि शिखरजी यांच्या रेखांशांत सुमारे ११.८ अंशांचा फरक आहे, म्हणजे साधारण ४७ मिनिटांचा. आपल्या शास्त्रातील एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि एका सामायिकाचा काळही तेवढाच. शिखरजीवर माथ्यावर आलेला सूर्य कोल्हापूरच्या माथ्यावर येईपर्यंत एक सामायिक पूर्ण होते. या दोन स्थळांमधील अंतर सांगण्याची याहून सुंदर रीत क्वचितच असेल.

श्रावकाच्या आहारनियमांना मात्र हा मुहूर्त नीट सांभाळावा लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरला सूर्यास्त संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांच्या आसपास होतो. मधुबनला तो पाच वाजून दोन-तीन मिनिटांनीच होतो. रेखांशाच्या ४७ मिनिटांत, ते क्षेत्र अधिक उत्तरेला असल्यामुळे, हिवाळ्यात आणखी पंधराएक मिनिटांची भर पडते. उलट जूनमध्ये सूर्यास्तातील फरक अर्ध्या तासावर येतो. डिसेंबरातील सूर्योदय कोल्हापूरला सहा वाजून छप्पन्न मिनिटांच्या सुमारास, तर शिखरजीला सहा चोवीसच्या सुमारास. म्हणजे नवकारशीची वेळही तेथे अर्धा तास आधी येते. चौविहार पाळणाऱ्याने कोल्हापूरच्या सवयीने सहाच्या सुमारास ताट मांडले, तर तेथे तासाभरापूर्वीच रात्र सुरू झालेली असते.

आता शुक्रवारचा प्रवास या घड्याळावर ठेवून पाहावा. सकाळी साडेआठला घर सोडलेले कुटुंब दुपारी पावणेबाराच्या आत हैदराबादला पोहोचते. तीननंतर पुढचे विमान सुटते आणि पाच वाजून दहा मिनिटांनी रांचीला उतरते. त्या दिवशी रांचीचा सूर्यास्त पाच वाजून सात मिनिटांच्या सुमारास. म्हणजे विमानाची चाके जमिनीला टेकण्यापूर्वीच दिवस संपलेला. दिवसाचे अखेरचे जेवण आणि पाणी हैदराबादच्या विमानतळावरच, दुपारी तीनपूर्वी घ्यायला हवे. हे आधी लक्षात आले नाही, तर ‘रांचीला उतरून सावकाश जेवू’ म्हणणारे आई-वडील उपाशीच मोटारीत बसतात. मधुबनच्या धर्मशाळेत पोहोचायला रात्रीचे साडेदहा वाजतात.

पर्वताचे अंतर

शनिवारी पहाटे तीनच्या सुमारास वंदना सुरू होते. शिखरजीचा पर्वत झारखंडमधील सर्वांत उंच. उंची सुमारे १,३६५ मीटर. नऊ किलोमीटर चढण, वर टोंकांच्या वंदनेचे नऊ किलोमीटर आणि नऊ किलोमीटर उतार, असे सत्तावीस किलोमीटर यात्रेकरू सांगतात. गंधर्व नाला, सीता नाला ओलांडत, काळोखात काठी टेकत चढायचे, उजाडता उजाडता गौतमस्वामींच्या टोंकेपासून वंदना करीत जायचे आणि शेवटी सर्वांत उंच असलेल्या पार्श्वनाथांच्या टोंकेवर माथा टेकवायचा. पुष्कळ यात्रेकरू पर्वतावर अन्न घेत नाहीत. तरुण मंडळी दुपारपर्यंत खाली येतात. सत्तरीच्या पुढच्यांना तीन-चार वाजणे सहज शक्य आहे, आणि पाच वाजता पुन्हा सूर्यास्त.

थोडक्यात, बाहत्तर वर्षांच्या वडिलांनी शुक्रवारी दुपारी तीनपूर्वी घेतलेल्या घासानंतर थेट शनिवारी दुपारी तीन-चारलाच जेवायचे, मध्ये चार-साडेचार तासांची झोप आणि सत्तावीस किलोमीटरची चाल. उतरताना उशीर झाला, तर शनिवारीही जेवण हुकणार आणि रविवारी पहाटे नवकारशीपूर्वीच मोटार रांचीकडे निघणार. तप हे स्वेच्छेने, शक्ती पाहून करावयाचे असते. वेळापत्रकाने लादलेल्या उपवासाला तप म्हणता येत नाही, आणि रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो धोक्याचाही ठरू शकतो. डोलीची सोय आहे, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी ती घेण्यात कमीपणा मानू नये. पण डोलीत बसणाऱ्यालाही रात्रीची झोप आणि वेळेवर अन्नपाणी लागतेच.

एकोणिसाव्या शतकातील यात्रेकरूला जेवढी चढण चढावी लागे, तेवढीच आजच्यालाही आहे. म्हणून विमानाने वाचवलेला वेळ कोठे खर्च करावयाचा, याचा निर्णय घरात आधी व्हायला हवा. आगगाडीने जाण्यायेण्यात चार दिवस व चार रात्री लागतात, विमानाने दोन दिवस. वाचलेले दोन दिवस दुकानाला देता येतात, तसेच ते आई-वडिलांना आणि पर्वतालाही देता येतात. पाच दिवसांचा बेत असा होईल : पहिला दिवस प्रवासाचा. दुसरा विश्रांतीचा, मधुबनमधील मंदिरांच्या दर्शनाचा आणि तेथील सूर्याशी जेवणाच्या वेळा जुळवून घेण्याचा. तिसरा वंदनेचा. चौथा पुन्हा विश्रांतीचा. पाचवा परतीचा. सोमवारऐवजी बुधवारी दुकान उघडेल, एवढाच फरक.

क्षेत्राच्या दृष्टीनेही या सावकाशीला महत्त्व आहे. प्रवास सोपा झाला की यात्रेबरोबर सहलही येते. शिखरजीच्या परिसरातील पर्यटनाच्या तरतुदींविरुद्ध २०२२च्या अखेरीस देशभरातील जैन समाजाने मौन मोर्चे काढले, दुकाने बंद ठेवली, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींना स्थगिती दिली. हे तीर्थ सहलीचे ठिकाण होऊ नये, ही समाजाची मागणी होती. मग शनिवारी चढून रविवारी पळत परतणारी यात्रा आपल्याच घरातून निघू नये, एवढी काळजी प्रत्येक कुटुंबाने घेणे उचित ठरेल.

शाहूपुरीच्या त्या घरात आणखी एक शक्यता असते, आणि ती सर्वांत जास्त वेळा घडते. तीन दिवस जमत नाहीत, पाच दिवस निघत नाहीत, हंगाम संपू दे, आर्थिक वर्षअखेर होऊ दे, नातवाची परीक्षा होऊ दे, असे करीत बेत पुढे जातो. पुढच्या हंगामात वडील त्र्याहत्तरचे होतात. दोन विमानतळांमधील १,३७० किलोमीटर पुढच्या वर्षीही तेवढेच राहतील, कदाचित उड्डाणे वाढतील आणि वेळ आणखी कमी होईल. सत्तावीस किलोमीटरची वंदना मात्र चालणाऱ्याच्या वयाबरोबर दरवर्षी लांबत जाते. ज्या घरी अजून आई-वडील आपल्या पायांनी घराचा जिना चढतात, त्या घरी यंदाच्या डिसेंबरची तिकिटे आजच पाहावीत, पाच दिवसांचीच काढावीत आणि हैदराबादचे जेवण दुपारी तीनपूर्वी आटोपावे.